गोळी लागलेला माणूस कसा पडतो

३ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मामीला मधे घातलं की तिच्याशीच बोलणं होतं, तू बाजूला बसून नुसता "काय म्हणतेय? काय म्हणतेय?" करत राहतोस. म्हणून पत्र. कानांचं काय म्हणतात डॉक्टर? एवढी वर्षं कानाशेजारी बार उडवल्यावर आता यंत्र लावून तरी काय ऐकू येणार, असं मामी म्हणते. पण तू ते लाव. डबीत ठेवून कान सुधारत नाहीत.

मी सध्या घरीच आहे. रजा साठली होती, मोठे साहेब म्हणाले घेऊन टाका. आईच्या हाताखाली कपाटं आवरते, झाडांना पाणी घालते. दुपारी जुन्या मालिकांच्या वाहिनीवर आपली मालिका परत लागते आहे. तुझं नाव शेवटी अजून तितकंच भर्रकन जातं, 'शस्त्रे व सामान' एवढं वाचेपर्यंत पडदा काळा. लहानपणी मी त्या नावाला टाळ्या वाजवायचे ते आई अजून सगळ्यांना सांगते.

बघताना काही प्रश्न पडले. इन्स्पेक्टरच्या रिव्हॉल्वरमध्ये सहाच गोळ्या मावतात ना? मग तो मधे कधीच भरत कसा नाही? गोळी लागली की माणूस मागे उडतो, हे कुणी ठरवलं? दिग्दर्शकाने, की तू? आणि आणखी एक. ज्याला पोटात गोळी लागायची, तो पुढच्या एखाद्या भागात बरा होऊन परत आल्याचं तुला आठवतं का?

उगाच विचारते आहे. हाताशी वेळ आहे म्हणून.

तुझी,
फौजदार


९ मार्च

चिरंजीव फौजदारबाईंना दारूगोळा मामाचे आशीर्वाद!

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे माझ्या मते हळू वाचलं, पण शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. कानातलं यंत्र लावलं होतं. त्यात मामी दुप्पट ऐकू येते, म्हणून परत डबीत गेलं.

तू विचारलंस ते अगदी मुळावर घाव घालणारं. सहाच गोळ्या, बाळे. एका भागात गोदामातली मारामारी होती, त्यात इन्स्पेक्टरने एका दमात अकरा झाडल्या. मी दिग्दर्शकाला जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बघणारे मोजत नाहीत, तू कशाला मोजतोस?" तेव्हापासून मी मोजणं सोडलं.

आमच्याकडे रिव्हॉल्वर तीन जातींचे होते. जवळून दाखवायचा तो खऱ्यासारखा, पण नळी बुजवलेली. बार काढायचा तो वेगळा, त्यात नुसती दारू भरलेली काडतुसं. आणि तोही फट्‌ असा फटाक्यासारखा वाजायचा, तुम्ही ऐकता तो धडाम आवाज मागाहून चिकटवलेला. तिसरा रबरी, पळताना आणि लोळताना हातात द्यायला. इन्स्पेक्टर जिना उतरत असेल तेव्हा नीट बघ, नळी डुलते. वायरलेस तर लाकडी खोका होता, त्याची वेटोळ्यांची वायर ड्रायव्हरच्या सीटखाली जाऊन संपायची. गाडीच्या टपावरचा दिवा दर वळणावर पडायचा. बेड्या मात्र खऱ्या. एकदा किल्ली हरवली, तर चोर आणि हवालदार एकाच ताटात जेवले.

माणूस मागे उडवायची कल्पना माझीही नाही, दिग्दर्शकाचीही नाही. ती आमच्या फाइटवाल्याची, उडत्याची. त्याला कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराला पलीकडे तीन माणसं. शर्टात लाल पाकाची पिशवी. "ओढ" म्हटलं की उडत्या असा मागे जायचा की कॅमेरावालाही दचकायचा. तो म्हणायचा, नुसतं पडलं तर पैसे कसले घ्यायचे?

पोटात गोळी लागलेला परत यायचा का, म्हणतेस? दरवेळी यायचा! एकाच नटाला आपण पाचदा मारलंय. मिशी बदलली की माणूस जिवंत.

आता खरी बातमी. ही मालिका नव्याने काढताहेत. नवे नट, नवा दिग्दर्शक, वय तुझ्याएवढं. त्यांनी मला सल्ल्याला बोलावलंय. जुन्या खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा चामड्याचा आणि तेलाचा तोच वास आला. तुझी जागा अजून तशीच आहे, त्या लोखंडी कपाटाशेजारी, जिथे बसून तू रबरी रिव्हॉल्वरने सगळ्या युनिटला अटक करायचीस.

रजा मजेत घालव.

मामा


१७ मार्च

माझी बाय,

काल तुझ्या आईचा फोन आला. मामीने घेतला. फोन ठेवल्यावर तिने माझ्यासमोर बसून, मला ओठ दिसतील असं, एकेक शब्द सांगितला. ताईने तुला न विचारता सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. ती तरी पोटात किती ठेवणार?

रजा नव्हे, चौकशी संपेपर्यंत घरी बसवलंय, हे कळलं. तुझ्या हातून गोळी सुटली हे कळलं. तो माणूस गेला हेही कळलं. त्यापलीकडे ताईलाही माहीत नाही, कारण तू तिच्याशी बोलत नाहीस.

मी माझं मागचं पत्र मनात पुन्हा वाचतो आहे. मिशीवर येतो आणि पुढे जाववत नाही.

तुला लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर कोरा कागद पाकिटात घालून पाठव, म्हणजे तू आहेस एवढं मला कळेल. येऊ का? मी आलो तर तुला ओरडून बोलावं लागेल, आणि असलं काही ओरडून सांगता येत नाही, म्हणून विचारतो आहे. नाहीतर विचारलं नसतं.

मामा


२६ मार्च

मामा,

येऊ नकोस. लिहिते. तोंडाने सांगण्यापेक्षा हे बरं आहे, इथे मला कुणी मधेच "मग?" असं विचारत नाही.

सकाळची वेळ होती. एका बाईचा फोन आला होता. धाकटा भाऊ तिच्याकडे राहतो, डोक्याच्या गोळ्या बंद केल्यात, रात्रभर येरझारा घालतोय, त्याला दवाखान्यात न्यायला मदत करा. एवढंच. भांडण नाही, मारामारी नाही, मदत करा. मी आणि माझे जोडीदार हवालदार गेलो. तुला माहीत आहेत ते, मिश्यांना तेल लावणारे. बाई खाली फाटकापाशी उभी होती. ती म्हणाली, मी वर आले तर तो जास्त चिडेल, तुम्हीच समजावा. म्हणून ती खालीच थांबली, आमच्या गाडीवरच्या शिपायापाशी.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आम्ही जिन्याने चढत होतो तेव्हाच तो खाली येत होता. हातात भाजी चिरायची सुरी. हवालदारांनी हात पुढे केला, "या, बसून बोलू" म्हणाले, तर त्याने त्यांच्या हातावर वार केला. मनगटापासून कोपरापर्यंत. ते भिंतीवर आदळले, त्याने सुरी पुन्हा उगारली आणि मी चाप ओढला. आमच्या ठाण्यात अजून जुनेच रिव्हॉल्वर आहेत, तुझ्या मालिकेतल्यासारखे. एकच गोळी.

तो उडाला नाही, मामा. मला वाटलं नेम चुकला. तो खाली बसला. सामान घेऊन चढताना माणूस दमून पायरीवर बसतो ना, अगदी तसा, एक हात कठड्यावर ठेवून. सुरी त्याने बाजूच्या पायरीवर नीट ठेवली. रक्तसुद्धा लगेच दिसलं नाही. मी त्याच्याजवळ बसले, माझी ओढणी घडी करून त्याच्या पोटावर दाबली. साध्या कपड्यांत होते त्या दिवशी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताईला सांगू नका. ओरडेल."

ताई दोन मजले खाली होती. तिने आवाज ऐकला होता, पण आमच्या शिपायाने तिला वर येऊ दिलं नाही. गाडी आली, त्याला नेलं. तो बरेच दिवस जगला. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो जिवंत होता. मला वाटत होतं, तुझ्याकडे काहीतरी माहिती असेल. पोटात लागलेली माणसं वाचतात, असं तू कुठेतरी ऐकलेलं असेल. वेड्यासारखंच होतं ते.

तुझं उत्तर आलं त्याच दिवशी सकाळी तो गेला. मी तुझं पत्र वाचलं आणि मिशीपाशी हसले. खरंच हसू आलं. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, एवढ्या मोठ्याने. तेव्हापासून मला माझं हसणं सोसत नाही. तुझा त्यात काही दोष नाही. तुला ठाऊक नव्हतं, आणि ते मीच ठेवलं होतं तसं.

हवालदार बरे आहेत. त्यांची बायको मला डबा पाठवते, आणि वर निरोप, की तुम्ही होतात म्हणून आज हे घरात आहेत. मी डबा खाते. ते खोटं नाही. पण खरं तेवढंच नाही.

आता जे विचारायचं ते विचारते. चौकशीत मी त्याचे शब्द सांगितले, पण ते कागद बाहेर जात नाहीत. त्याची बहीण सगळ्यांना विचारत फिरते आहे, शेजाऱ्यांना, दवाखान्यात, आमच्या शिपायाला, की तो काही बोलला का. दवाखान्यात तो शुद्धीवर आलाच नाही. जिन्यात हवालदारांपर्यंत त्याचा आवाज पोचला नव्हता. म्हणजे ते वाक्य माझ्याशिवाय कुणाकडे नाही. तो म्हणाला, सांगू नका. मरणाऱ्या माणसाने मागितलेली एकच गोष्ट, तीही मी मोडायची का? आणि नाही मोडली, तर त्या बाईने जन्मभर विचारत फिरायचं?

मला आता फौजदार म्हणू नकोस. काही दिवस तरी.

तुझी भाची


२ एप्रिल

बाय,

पत्र मी मामीला वाचून दाखवलं नाही. तिच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि देवघरात नाही, अंगणात जाऊन बसली. मी एकट्यानेच उत्तर लिहितो आहे, चूक असेल तर माझी.

कायदा, नीती, मरणाऱ्याची इच्छा, यातलं मला फार कळत नाही. पण मी धाकटा भाऊ आहे, तेवढं मला कळतं. आमच्या घराच्या पत्र्यावरून मी एकदा पडलो. हात मोडला. माणसं धावली, तर मी म्हणत होतो, ताईला सांगू नका, ताईला सांगू नका. आणि इतक्या मोठ्याने रडत होतो की गल्लीच्या टोकाला असलेल्या तुझ्या आईला ऐकू जावं. ती आली, तिने आधी एक धपाटा घातला आणि मग मला उचललं. धपाटा बसला तेव्हाच मला वाटलं, आता काही होत नाही.

धाकटा भाऊ 'ताईला सांगू नका' म्हणतो, तेव्हा तो ताईलाच हाक मारत असतो. मला तरी असंच वाटतं. पुढचं तू ठरव.

आणखी एक सांगायचं आहे, तेही आजच सांगतो. नव्या मालिकेच्या तालमीत परवा पहिली गोळी होती. उडत्या अजून काम करतो, केस पांढरे झालेत, पण दोर बांधला की तोच. तीन माणसांनी ओढलं, तो उडाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते बघवेना. मी दिग्दर्शकाला बाजूला नेऊन म्हटलं, असं होत नसतं; माणूस पायरीवर बसतो, हातातलं नीट बाजूला ठेवतो. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, माहीत आहे. तुझं नाव काढलं नाही. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, असं कुणी दाखवलेलंच नाही, शेवटच्या भागात घेऊ, जिन्यात. मला वाटलं, निदान एकदा तरी खरं दाखवलं जाईल. एवढ्या वर्षांत कितीतरी पोरांनी आमचं खोटं बघितलं.

तुला बरं वाटेल असं वाटून लिहितो आहे.

मामा


७ एप्रिल

मामा,

बरं वाटलं नाही.

जिना त्यांचा आहे. सुरी बाजूला ठेवणं त्याचं आहे. मी ते तुला दिलं, कारण तू माझा मामा आहेस. शस्त्रे व सामानवाल्याला दिलं नाही. उद्या त्याची बहीण टीव्ही लावेल आणि तिच्या भावाचं बसणं कुणीतरी रंग लावून, दिवे लावून करून दाखवत असेल. ते सुंदर केलं तर जास्तच वाईट.

उडत्यामामांना उडू दे. ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्या खोट्याने कुणाचं काही नेलं नाही, माझंसुद्धा नाही. मी पोलिसात मालिका बघून आले असेन, पण जिन्यात मी मालिकेमुळे चाप ओढला नाही. हे तू मनात धरू नकोस.

काढून टाक ते.

भाची


१९ एप्रिल

बाय,

उत्तराला उशीर झाला, कारण काम झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दिग्दर्शकाकडे गेलो. तो मुलगा वाईट नाही. पण म्हणाला, "मामा, आता ते माझ्या डोक्यातून जाणार नाही. कागदावर आलंय." मी विनवलं. मी कारण विचारू नका म्हटलं, तेव्हा त्याला कारणाचीच जास्त ओढ लागली. मग मी गप्प बसलो. कान गेल्याचा एक फायदा असतो, माणसं तुमच्यादेखत बोलतात आणि तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत नाहीत.

बाहेर येऊन उडत्याला सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की ते बसणं एका खऱ्या माणसाचं आहे, आणि मी ते न विचारता उचललंय. उडत्या पायातले बूट बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "बरं."

चित्रीकरणाच्या दिवशी जिना लावला, दिवे लागले. दिग्दर्शकाने समजावलं, हळू बसा, कठडा धरा. बार झाला आणि उडत्या पायऱ्यांवरून असा मागे गेला की दोन पायऱ्या तुटल्या. दोरसुद्धा नव्हता. दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा. पुन्हा तो उडाला. म्हणाला, "साहेब, शरीराला सवय झालीय, ऐकत नाही." त्या वयात, बिनदोराचा. जिना पुन्हा पुन्हा ठोकावा लागला, दुपार गेली, आणि शेवटी दिग्दर्शक कंटाळून म्हणाला, राहू दे, हेच ठेवू. उडत्याच्या बरगडीला मार लागलाय. मामी त्याच्यासाठी रोज शेकायला पिशवी पाठवते. त्याने मला काही विचारलं नाही.

मी सल्ल्याचं काम सोडलं. रागाने नव्हे. खोलीची किल्ली शस्त्रं सांभाळायला आलेल्या नव्या मुलीकडे दिली, ती नीट तेल घालते.

न विचारता दिलं, ही माझी चूक. तुला आणखी काय लिहू?

मामा


११ मे

प्रिय मामा,

नमस्कार. उडत्यामामांना माझा नमस्कार सांग, आणि मामीला सांग, शेक आणखी महिनाभर चालू ठेव, बरगडी हट्टी असते.

चौकशी संपली. माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता असं लिहून आलं. वाचून मला सुटल्यासारखं वाटलं नाही, आणि अडकल्यासारखंही नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, शस्त्र परत घेता की काही दिवस कंट्रोल रूमला बसता? मी कंट्रोल रूम मागितली. तिथे फोन घेते. कुणी बाई म्हणाली की माझा भाऊ ऐकत नाहीये, नवरा गोळ्या घेत नाहीये, तर मी गाडीबरोबर डॉक्टर पाठवायला लावते. आधी असं करत नव्हते. साहेब कुरकुरतात. कुरकुरू देत.

त्याच्या बहिणीला भेटले. मीच गेले. ती एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालते. मी कोण ते दारातच सांगितलं. ती बोटांचा डिंक ओल्या फडक्याने पुसत राहिली, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग तिने पुस्तकांची चळत उचलून दुसरी खुर्ची मोकळी केली.

ती म्हणाली, फोन तिने केला होता. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, मी वर यायला हवं होतं. मलाही ते ठाऊक नाही. तिने बऱ्याच गोष्टी सांगितल्या, तो कुठल्या इमारतींच्या लिफ्ट बघायचा, कुठल्या लिफ्टमधून जाताना ती अजून त्याचं काम ओळखते. मी ऐकत राहिले. मग तिने विचारलंच.

मामा, मी तुझं सगळं तिला सांगणार होते, धपाटा, हाक वगैरे. पण समोर बसल्यावर ते माझ्या तोंडात शोभेना. मी फक्त त्याचे शब्द सांगितले. "ताईला सांगू नका. ओरडेल."

तिने डिंकाच्या डबीला झाकण लावलं. म्हणाली, "ओरडलेच असते."

मग विचारलं, "दुखत होतं का त्याला?"

मी नाही म्हणू शकले असते. "हो," म्हटलं.

"तुम्ही होतात जवळ?"

"गाडीत घालेपर्यंत. हात धरला होता."

ती उठली आणि खिडकी उघडली. आत मुलांचा गलका यायला लागला, आवारात उन्हाळी शिबिर चालू होतं. माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही."

मी म्हटलं, ते मागायला आले नव्हते.

"पण परत या," ती म्हणाली. "मला आणखी विचारायचं असेल. आज सुचत नाहीये."

रविवारी जाते आहे. आई म्हणाली, एकटी जाऊ नकोस, मी येते, बाहेर थांबेन. मी म्हटलं, ये, पण बाहेर नको, आतच ये.

तुझी,
भाची